घरप्रमुखाचा नंबर

माझी धाकटी जाऊ रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. बोलते कमी, पण बिनसलं की भांडी आपटते.

लॅबने नवी प्रणाली घेतली. कॉम्प्युटरमधल्या जुन्या टेबलमधली, म्हणजे तक्त्यातली, हवी ती माहिती निवडून नव्या टेबलमध्ये उतरवायची होती. जुन्यात पेशंटचा स्वतःचा नंबर होता आणि घरप्रमुखाचाही. नव्यात फोनचा रकाना एकच. साहेब म्हणाले, "घरप्रमुखाचा घ्या."

"रिपोर्ट बाईचा आणि मेसेज नवऱ्याला?"

"मग काय शेजाऱ्याला पाठवायचा?"

नाइलाजाने तिने तसंच केलं. आठवड्याभरात एक तरुण सून काउंटरवर आली. दिवस राहिलेत का, हे तिने गुपचूप तपासून घेतलं होतं. तिच्या घरचे प्रमुख सासरे.

"मी आत चहा करत होते, ताई. बाहेर सासरे माझा रिपोर्ट मोठ्याने वाचत होते. नाही म्हणून आलाय. सासूबाई म्हणाल्या, यंदाही नाही. फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला होता ना?"

जाऊ तडक साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "तांत्रिक बाब आहे. शनिवारी जुनं टेबल पुसून टाका, म्हणजे कटकटच मिटेल."

त्या रात्री घरात भांडी वाजली. दीर म्हणाले, "नोकरी कर, नसती उठाठेव कशाला?"

"बरं. तुमचा पुढचा रिपोर्ट आईंच्या फोनवर पाठवते."

दिरांनी आपलं ताट स्वतःच घासून ठेवलं.

शुक्रवारी साहेब स्वतःच तिच्या खुर्चीशी आले. ते राहतात वडिलांच्या घरात. त्यांच्या साखरेचा रिपोर्ट वडिलांना गेला होता आणि वडिलांनी पाहुण्यांदेखत पन्नाशीच्या मुलापुढची गोडाची वाटी उचलली होती.

"जुन्यातून माझा नंबर नव्यात आणा," ते हळूच म्हणाले. "फक्त माझा."

एकाच माणसाचा नंबर आणायचा तर तशी अट लिहावी लागते. जावेने ती लिहिलीच नाही. बटण दाबलं. ज्याचा नंबर त्याच्या नावापुढे जाऊन बसला.

"अहो, मी फक्त माझा म्हणालो होतो."

"अट घालायची राहिली, सर. आधीसारखं करू का? सगळ्यांचंच होईल. तुमचंही."

साहेबांनी पडद्यावर आपल्या नावापुढचा नंबर तपासला. "राहू द्या. आणि जुनं टेबलही राहू द्या."

सोमवारी काउंटरवर पाटी लागली: आपला रिपोर्ट आता थेट आपल्याच फोनवर, खास आमची सोय. खाली साहेबांची झोकदार सही.

त्या सुनेला माफीचा फोन मात्र कुणी केला नाही. नंबर आता बरोबर आहे, तरी.