हिरव्या गोळ्याचा सूड

माझ्या साडूला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी समेटाची वाट बघत बसायला नको.

हा साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला अंधेरीला, मोठ्या कंपनीत, मोठ्या खुर्चीत. कंपनीने त्याला एकदा अकरा दिवस जपानला पाठवलं, त्या अकरा दिवसांवर तो पाच वर्षं जगतोय. चहा पिताना जपान, रिक्षा मिळेना की जपान, नळाला पाणी कमी आलं तरी जपानमध्ये कसं येतं ते ऐकायचं. बढती मिळाली तेव्हा त्याने सगळ्या कुटुंबाला अंधेरीच्याच एका जपानी हॉटेलात दुपारचं जेवायला नेलं. टेबल इतकं बुटकं की माझे गुडघे माझ्या कानांशी गप्पा मारत होते.

मग ते सुशी आलं. भाताच्या मुटकुळ्यावर कच्च्या माशाची चकती. माशाला मी घाबरत नाही. मासा ताजा होता, हे मी दुरूनच ओळखलं आणि मनात शाबासकीही दिली. पण ताटाच्या कोपऱ्यात एक हिरवा गोळा होता, सुपारीएवढा. मी विचारलं, "हे काय?"

"पुदिन्याची चटणी हो, दादा," साडू म्हणाला. "पण एकदम घ्यायची. थोडी थोडी घेतली तर आतल्या शेफला वाईट वाटतं."

परक्या स्वयंपाक्याचं मन राखायला मी तो अख्खा गोळा तोंडात टाकला. साडूचा फोन टेबलाखालून वर आलेला मला दिसला, पण तोवर उशीर झाला होता.

चटणी कसली, ती वसाबी होती, जपान्यांची मोहरीसारखी नाकात चढणारी गोष्ट. नाकातून जी झळ निघाली ती बहुतेक जोगेश्वरीच्या गुंफांपर्यंत पोचली असावी, कारण तिथली वटवाघळं त्या दिवशी भर दुपारी उडाली असं मला नंतर कळलं. डोक्याची कवटी प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी वर उचलली गेली. माझे वारलेले आजोबा टेबलापलीकडे स्पष्ट दिसले, आणि माझा चेहरा बघून तेही चार पावलं मागे सरकले. मी टेबलावर मूठ आपटत होतो, आणि माझी बायको, जिच्याशी मी सात फेरे घेतले, ती तोंडाला नॅपकिन लावून हसत होती.

व्हिडिओ संध्याकाळच्या आत फॅमिली ग्रुपवर. साडूने तो हळू गतीचा करून खाली ढोलकी लावली होती. गावाकडे गेला, तिथून कुवेतच्या चुलत भावाकडे गेला, फिरून बोरिवलीच्या मासळीबाजारात आला. कोळणीने मला बघून पदराने नाक पुसून दाखवलं.

हसण्याचंही मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते वेगळंच.

आमचे सासरे मालवणकडचे. गिरणीत आयुष्य गेलं, आता बोरिवलीला असतात. दर रविवारी सकाळी मासे आणायला ते थोरल्या जावयाला, म्हणजे मला, सोबत नेत. बावीस वर्षं. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. मी विम्याच्या कार्यालयात काम करतो. तिथे माझं मत कोणी विचारत नाही. घरी तर पडद्याचा रंगसुद्धा मला पडदा लागल्यावर कळतो. पण रविवारी सकाळी तो म्हातारा माणूस सुरमई हातात धरायचा, कल्ला उघडून माझ्यासमोर करायचा आणि थांबायचा. मी मान हलवल्याशिवाय पिशवीचं तोंड उघडायचं नाही. आठवड्याच्या सात दिवसांत माझ्या मानेला किंमत होती ती तेवढीच.

व्हिडिओनंतरच्या रविवारी मी पिशवी घ्यायला गेलो, तर ती जागेवर नव्हती.

"जेका चटणी कळाक नाय, तेका सुरमय काय कळतली?" सासरे म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण पिशवी साडूला दिली होती.

आणि साडूने त्या हक्काचं काय केलं? तो बाजारात गेलाच नाही. त्याने फोनवरून मागवले. आधीच कापलेले, धुतलेले, थर्माकोलात झोपवलेले तुकडे. डोकं नाही, कल्ला नाही. ताजेपणा बघायचा तर कुठे, बिलावर? आठ महिने मी सासरच्या सोफ्यावर बसून तोच पेपर तीनतीनदा वाचला आणि आतून थर्माकोल कातरल्याचा आवाज ऐकला. सासऱ्यांनी दोनदा तोंडातला घास चावता चावता थांबवला. एकदा जावयाला दिलेली गोष्ट परत कशी मागणार?

मी वाट बघितली. सासऱ्यांची पंचाहत्तरी आली आणि जेवण माझ्याकडून असं मी जाहीर केलं. अंधेरीतच एक हॉटपॉट बुफे निघाला होता: टेबलाच्या मधोमध उकळतं सूप, आणि मांडलेल्या कच्च्या वस्तूंतून हवं ते आणून आपल्या हाताने शिजवायचं. जेवणाच्या चार दिवस आधी मी एकटाच जाऊन जागा पाहून आलो. भाज्या, टोफू, कोळंबी, आणि शेवटी बर्फावर शिंपल्यांसकट रचलेल्या तिसऱ्या. त्या बघून मला जे वाटलं ते देवळात वाटायला हवं.

तिसऱ्यांचं एक असतं. ढिगात एखादी मेलेली असते, आत मांस नाही, नुसता काळा चिखल दाबून भरलेला. वरून इतरांसारखीच, उलट जरा टपोरी. आमच्या घरांत प्रत्येक तिसरी अंगठ्याने आडवी दाबून बघतात. जिवंत असेल तर शिंपले हलत नाहीत. चिखलाची असेल तर सरकतात. अशी एक जरी उकळत्या टोपात गेली तरी सगळा टोप मोरीत.

ठरलेल्या दिवशी टेबलावर टोप आला. मधून पडदा, एका बाजूला लाल तिखट, दुसऱ्या बाजूला पांढरं साधं. मी अतिशय नम्रपणे साडूला म्हटलं, "तुम्हीच निवडून आणा. तुम्ही जपान बघितलेलं."

"हॉटपॉट चिनी आहे, दादा."

"मग काय, शेजारीच की."

तो खूश होऊन उठला. मी मागोमाग. आणि त्याने काय करावं? चिमटा घेतला. तिसऱ्या चिमट्याने उचलायला लागला, जशी काही डॉक्टरने गाठ काढावी. मी बाजूला उभा राहून अंगठा चालवला. आठ महिने उपाशी अंगठा, बर्फात पाच मिनिटं फिरला आणि चार काढल्या.

"ह्या घ्या, टपोऱ्या आहेत."

"वा दादा, शिकलात हो," तो म्हणाला.

टेबलावर आल्यावर मी सासऱ्यांची वाटी सुपाने आधीच भरून बाजूला सरकवली. त्यांच्या पोटात काही जायला नको, एवढं पथ्य मी पाळलं. साडू उभा राहिला, बत्तीशी दाखवत हसला आणि तिसऱ्यांचा अख्खा वाडगा पांढऱ्या सुपात ओतला. "तोंड उघडलं की खायच्या," त्याने सगळ्यांना शिकवलं.

उघडलं. आधी जिवंतांनी, सभ्यपणे. मग एक टपोरी फुटली आणि सुपात शाईची दौत उलटावी तसा काळा ढग पसरला. मग दुसरी. मग तिसरी. मी कांजूरमार्गला राहतो, डम्पिंगवरून येणारा वारा मला कपड्यांइतका जवळचा आहे. पण त्या टोपातून जो वास उठला त्याच्यापुढे आमचा वारा अत्तर वाटला असता. शेजारच्या टेबलावरचं लग्नाचं बोलणं मोडलं असं मला वाटतं. निदान मुलाकडचे तरी उठले. पंख्याने वास खाली ढकलला, एसीने पुन्हा वर ओढला. एप्रन घातलेली बाई धावत आली आणि पाहून दोन पावलं मागेच थांबली.

बायको माझ्या कानाशी आली. "तुम्हीच ना?"

"मी कुठे? चिमटा त्यांच्या हातात होता."

सासरे मात्र टोपाकडे बघत होते. गिरणीतला बिघडलेला माग जसा बघत असतील, तसे.

"ह्यो तिसऱ्यो कोणी काडल्यो?"

"मी, बाबा," साडू म्हणाला. मग घाईने, "म्हणजे चारपाच दादांनीच दिल्या."

"तेनी दिल्यो आणि तुमी घेतल्यो? हातान बघूक नाय?"

"चिमट्याने घेतल्या."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. "चिमट्यान," ते म्हणाले. साडूने चारचौघांत टोपाचं झाकण शोधलं, सापडलं नाही, मग ताटाने झाकलं. मी तोवर लाल बाजूची कोळंबी शिजवून सगळ्यांना वाढली. झकास झाली होती.

हात धुवायला गेलो तर सासरे शेजारी येऊन उभे राहिले. आरशात बघत हळूच म्हणाले, "किती व्हत्यो?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर अंगठ्याने तिसरी ओळखली, त्याला कसं बनवणार?

"चार."

"माका तीनच फुटताना दिसल्यो."

"चौथी न फुटलेली मी टोपातून काढून साडूंच्याच वाटीत टाकली."

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते, ते रागाने की कशाने, मला आरशात नीट दिसलं नाही. मग हात पुसून म्हणाले, "रविवारी साडेसहाक येवा. पण माझ्या वाढदिवसाचा सूप घालवलात, म्हणान साफसुद्धा तुमीच करूचा."

त्या रविवारी त्यांनी हलव्याचा कल्ला उघडून माझ्यासमोर धरला आणि थांबले. मी मुद्दाम वेळ लावला. दोनदा वाकून बघितलं. कोळीण वैतागली. मग मी मान हलवली आणि पिशवीचं तोंड उघडलं.

सासऱ्यांच्या घरी येऊन मोरीत दोन तास बसलो, हलवा साफ केला, मांदेली साफ केली, पाठीचा कणा कायमचा वाकडा करून घेतला. उठलो तेव्हा फोन उचलून साडूला लावला.

"येताय ना दुपारी जेवायला?"

"काय आहे?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मीही फोन ठेवला नाही. असली शांतता रोज कुठे ऐकायला मिळते?