गंगा उलटी छापणारे सर

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग सरांची नखं कधी स्वच्छ दिसली नाहीत. छपाईची काळी शाई त्यांत कायमची मुरलेली. मुलीच्या लग्नात त्यांचे हात पाहून विहीणबाईंनी हळूच विचारलं होतं, "व्याह्यांचं गॅरेज हाय का?" सरांना हे इतकं आवडलं, की ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

दर रविवारी ते गंगाथडीला जाऊन बसत. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी, वाळू, काठच्या बाभळी वहीत उतरवायच्या, मग फळीवर कोरायच्या. शाई लावून वर कागद ठेवायचा आणि पळीच्या पाठीने घासत बसायचं. "घाई केली की नदी फाटते," म्हणायचे. मी गणिताचा मास्तर. एवढ्या वेळात माझा अख्खा धडा होतो, असं मी चिडवायचो.

एका वर्षी नाववाले किसनमामा अंबाजोगाईला लेकीकडे कायमचे निघाले. जन्मभर या काठची माणसं त्या काठाला नेलेला माणूस, तिथे नदी दिसणार नाही म्हणून पार खचला होता. सरांनी त्यांच्यासाठी आपला घाट कोरायला घेतला. दोन महिने खपले. निघायच्या दिवशी मामांनी कागद उलगडून बराच वेळ पाहिला.

"लई भारी हाय सर. पर गंगा मागं कावून चालली?"

आमच्या काठावरून पाणी डावीकडून उजवीकडे जातं. चित्रात ते उलट निघालं होतं. फळीवर उलटं कोरावं लागतं हे पोरांना शिकवण्यात हयात गेली, आणि मामांच्या नदीपाशीच सर ते विसरले. मला फार वाईट वाटलं. सर मात्र दुसऱ्या दिवशी नवी फळी घेऊन बसले.

सुलटी गंगा घेऊन आम्ही दोघं अंबाजोगाईला गेलो. सर भिंतीवरचं जुनं चित्र काढायला लागले, तर मामांनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. पल्याडच्या काठावरून अशीच दिसती. हितं आल्यावर ध्यानात आलं."

नवं चित्र त्यांनी समोरच्या भिंतीला लावायला सांगितलं. दोन्ही भिंतींवरून पाणी एकाच दिशेला, खिडकीकडे निघालं. मामांनी बाज ओढून बरोबर मधे घेतली, वर बसले आणि थोडे सरकले.

"या सर. नावंत जागा हाय."

सरांनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसले.