शिजला, आक्का, शिजला!

मिरजगावात बाजारतळाच्या मागच्या गल्लीत सविता राहते. नवरा वाल्मिक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. एकुलती एक मुलगी आरती, तिचं लग्न श्रीरामपूरच्या मुलाशी ठरलेलं. सविताच्या हाताला चव आहे, कामाचा उरकही आहे, जमत नाही ती फक्त एक गोष्ट: ठरवणं. भाजीवाल्यानं "मेथी देऊ का शेपू?" विचारलं की तिच्या कपाळावर घाम येतो. मग शेजारणीच्या पिशवीत डोकावून तिनं जे घेतलं असेल ते ती घेऊन येते. ब्लाउजपीस घ्यायला ती दुकानात शिरली, की दुकानदार आधी स्वतःसाठी चहा सांगतो.

अशा बाईला भागूआक्का म्हणजे देवच भेटला.

त्याचं असं झालं. या गल्लीत सगळ्यांच्या घरांवर पत्रे. सिमेंटची गच्ची एकट्या भागूआक्कांच्या घराला. उन्हाळ्यात सगळ्या बायकांचं वाळवण तिथंच पडायचं आणि भांडणंही तिथंच व्हायची. हिची साडी तिच्या पापडांवर, तिचे सांडगे हिच्या डब्यात. एका वर्षी तर जिन्याचं दार कुणी लावायचं यावरून दोघी खाली भांडत बसल्या आणि तेवढ्यात राहीबाईची शेळी वर गेली. तिनं सगळ्यांच्या कुरडया समान न्यायानं खाल्ल्या. गल्लीत अजून त्याला 'शेळीचं वर्ष' म्हणतात.

त्या संध्याकाळी आक्का चुलीची फुंकणी हातात घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपासून मी सांगीन तसं. ज्याला पटत न्हाई त्यानं आपल्या पत्र्यावर वाळवावं." पत्र्यावर कोण वाळवणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसंच वाटलं.

मग नियम सुरू झाले. डोक्याला तेल लावून गच्चीवर यायचं नाही. कुरडयांच्या चिकाजवळ सासूचा विषय काढायचा नाही, चीक आंबतो. मोबाईलवर 'वाळवण' नावाचा ग्रुप निघाला, त्यात फक्त आक्कांना लिहिता यायचं, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. जिचा अंगठा उशिरा, तिला दुसऱ्या दिवशी कावळे हाकायची ड्युटी.

सविताचा अंगठा सगळ्यात आधी असायचा. तिला शांत झोप लागू लागली. डाळ कधी भिजवायची, पोह्याचे पापड घालायचे की नाचणीचे, सगळं वरून ठरून यायचं. शिवाय आक्का दुसरीला झापायच्या तेव्हा तिला एक वेगळंच सुख मिळायचं. दुसरीची पाळी आली म्हणजे आज आपली नाही! हळूहळू ती आक्कांच्या उजव्या हाताला उभी राहू लागली आणि आक्का दम घ्यायला थांबल्या की "ऐकू आलं का गं?" एवढं आपल्या पदरचं जोडू लागली.

या सगळ्यात खडा म्हणजे मनवा. वैजनाथची नवी बायको, म्हणजे आक्कांची सख्खी सून. नगरची, शिकलेली. तिला एकच खोड, ती "का?" विचारायची.

"आक्का, तेल लावलेलं का चालत नाही?"

"न्हाई चालत म्हणून न्हाई चालत."

"ऐकू आलं का गं?" सविता म्हणायची. मनवा कावळे हाकायला जायची. गेला उन्हाळाभर ती इतके कावळे हाकत होती की कावळे तिला ओळखू लागले.

यंदा आरतीच्या रुखवतासाठी कुरडया करायच्या होत्या. श्रीरामपूरची विहीण सुगरण म्हणून चार गावांत प्रसिद्ध. एकवेळ दागिना डोळ्याआड करील, पण रुखवतातली कुरडई मोडून बघितल्याशिवाय ती मांडवातून हलत नाही, असं मध्यस्थानं आधीच बजावलं होतं. सविताला लग्नाची दुसरी कसलीही काळजी नव्हती. कुरडई नापास झाली तर आरतीला जन्मभर ऐकावं लागणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

गहू भिजले, वाटले गेले, चीक निवळला. पहाटे गच्चीवरच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजायला घातला. सविता घाटत होती. थोड्या वेळानं आक्का आल्या, लांबूनच पातेल्यात बघितलं आणि फुंकणी वर केली. "शिजला!"

सविताच्या हातातल्या लाकडी उलथन्याला स्पष्ट कळलं, नाही शिजला. चीक अजून दुधासारखा पांढरा होता. शिजला की तो काचेसारखा दिसतो आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. सवितानं बोट लावलं. बोट चांगलंच बरबटलं.

"काय गं, शिजला ना?" आक्कांनी सगळ्यांना विचारलं.

"शिजला, आक्का, शिजला!" गल्ली एका सुरात ओरडली. त्यात सगळ्यात मोठा आवाज सविताचा होता. बोट तिनं पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी बायका कुरडया उचलायला गेल्या तर हातात भुगा. एक कुरडई धड म्हणून निघेना.

आक्कांनी भुग्याकडे बघितलं, मग बायकांकडे. "चिकावर कुणीतरी शिंकलं."

शिंकली होती सविता. शेजारी मिरच्या भाजत होत्या, तिला ठसका लागून दोनदा शिंक आली होती. ती घाबरून उभी असतानाच आक्कांची फुंकणी फिरत फिरत मनवाकडे वळली. "हीच."

"मी? मी तर कावळे हाकत होते!"

"व्हय आक्का, शिंकली," सविता म्हणाली. "मी ऐकलं."

आणि गंमत बघा, म्हणता म्हणता तिला ती शिंक खरंच आठवू लागली.

संध्याकाळी वाल्मिक जेवायला बसला. सवितानं भाकरी वाढली आणि ती रडायला लागली. वाल्मिकनं परातीतला भुगा चिमटीत धरून बघितला.

"चीक कच्चा हुता, तुला दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं की."

"मग?"

"आक्का म्हनल्या शिजला."

"अगं, पन तुझं बोट काय म्हनलं?"

"बोटाला काय कळतंय?" सविता डोळे पुसत म्हणाली.

वाल्मिक भाकरी मोडायची थांबला. "मोटार जळाली हाय का न्हाई, ते मी वासावरनं सांगतो. गिऱ्हाईक पाटील असला म्हनून वास बदलत न्हाई. आता परत गहू भिजव. लग्नाआधी एवढाच येक घाना हुतोय. ह्या टायमाला त्वांड उघड, न्हाईतर पोरीच्या रुखवतात भुग्याची परात मांड."

गहू भिजत होते तोवर सविता एकच वाक्य घोकत राहिली. भांडी घासताना, अंगण झाडताना. 'आक्का, चीक कच्चा हाय.' म्हशीला म्हणून बघितलं. म्हशीनं ऐकून घेतलं.

पुन्हा पहाट, पुन्हा पातेलं. आक्का आल्या. चीक दुधासारखा पांढरा. फुंकणी वर गेली. "शिजला!"

बायकांनी ओरडायला तोंडं उघडली. सवितानंही उघडलं. घोकलेलं वाक्य घशापर्यंत आलं, आक्कांचा चेहरा बघितला आणि तिथंच बसलं. आरतीचा चेहरा आठवला. वाक्य थोडं वर सरकलं. पुन्हा आक्का दिसल्या, पुन्हा खाली गेलं. शेवटी तिच्या तोंडातून जे निघालं, ते तिनं कधीच घोकलं नव्हतं.

"आक्का, तुमीच मगाशी म्हनला न्हवता का, अजून जरा घाटा म्हनून?"

आक्का असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या तर आत्ता आल्या होत्या. गच्चीवर कुणी हलेना. मनवा डोळे मोठे करून बघत होती.

आक्कांनी पातेल्यात बघितलं, सविताकडे बघितलं. मग फुंकणी सावकाश खाली आली.

"व्हय. म्हनलेच हुते मी. मग थांबलीस कशाला? घाट!"

"व्हय, म्हनल्या हुत्या!" राहीबाई म्हणाली. "आमी ऐकलं की!" आणखी दोघी म्हणाल्या. एकीनं तर आक्का कुठल्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या तेही सांगितलं. सविता घाटत राहिली. चीक काचेसारखा झाला, ओलं बोट कोरडं निघालं, आणि सोऱ्यातून कुरडया पडल्या त्या अशा, की कावळेसुद्धा लांबून बघत बसले.

मांडवात विहीणबाईंनी रुखवतातली कुरडई उचलली, मोडली, कानाशी नेऊन आवाज ऐकला. तिथंच एक तळून मागवली. ती ताटभर फुलली.

"चीक कुनी शिजवला?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्या आक्कांनी," सविता म्हणाली.

आक्का नव्या पातळात उभ्या होत्या. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. "मी काय, नुसतं सांगितलं. हात ह्यांचे."

आरतीच्या सासूनं आरतीच्या पाठीवरून हात फिरवला. सविताचा जीव भांड्यात पडला.

पंगतीत मनवा मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "काकू, आक्का तसं काही म्हणाल्याच नव्हत्या."

"ठाव हाय."

"आणि मी शिंकले नव्हते."

सविता जिलबी चावत राहिली. "पोरी, खरं बोलले असते तर आक्कांनी हट्टानं तसाच चीक सोऱ्यात घातला असता. माझी पोर उजवायची हुती."

"पुढच्या वर्षी माझ्या नणंदेचं लग्न आहे. तेव्हा चीक शिजला की नाही, हे कोण सांगणार?"

सवितानं विचार केला. म्हणजे करायला घेतला. तेवढ्यात वाढपी समोर आला आणि म्हणाला, "मठ्ठा देऊ का आमटी?" तिच्या कपाळावर घाम आला. तिनं शेजारच्या ताटात बघितलं. मनवानं आमटी घेतली होती.

"आमटी," सविता सुटकेनं म्हणाली, आणि मग मनवाकडे वळून, "कोन सांगनार म्हंजी? आक्का हायेत की."