सुपडूनाना आणि गाठीचा भोपळा

सुपडूनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका भोपळ्याला पट्टी बांधत होते. जुन्या धोतराची लांब चिंधी, आणि ती गुंडाळण्यात अशी काळजी की वाटावं, आत मोडलेलं हाड आहे. मी खोली भाड्याने बघायला आलो होतो. अमळनेरच्या एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि बोरी नदीच्या बाजूला, गावाच्या कडेला एक खोली रिकामी असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. मी दोनदा खाकरलो. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "थांबा जराखा. हाऊ हालस." हा हलतोय, म्हणजे भोपळा.

पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी हात झटकले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खोलीकडे बोट दाखवलं. "खोली तठे शे. दखा. कुलूप नही." बस्स. भाडं, जात, गाव काही विचारलं नाही. उलट मीच विचारत सुटलो, कारण अंगणभर मांडव होता आणि मांडवाला जे लोंबत होतं तसं मी कुठेच पाहिलं नव्हतं. एक भोपळा दोन फळ्यांमध्ये दाबलेला, एकाच्या कमरेला सुतळी आवळलेली, एक जाळीत अडकवलेला, त्यामुळे जाळीच्या चौकटींतून फुगून आलेला. सरकारी दवाखान्यातला वॉर्डच जणू.

नाना तेलाच्या गिरणीत फिटर होते. निवृत्त झाले, बायको गेली, लेक शिरपूरला दिलेली. मग त्यांनी हा नाद धरला. भोपळे कडू, खायचे नव्हेतच. फळ मुठीएवढं असताना त्याला बांधायचं, दाबायचं, आणि वेलावर वाढता वाढता ते काय आकार घेतं ते बघायचं. देठ वाळला की काढून पडवीत टांगायचं. दोन-तीन महिन्यांनी आतल्या बिया खुळखुळायला लागल्या की बारीक करवतीने तोंड कापायचं, भिजत घालून कडूपणा काढायचा, काचेच्या तुकड्याने आतून खरवडायचं आणि तापवलेल्या सळईने वरून नक्षी काढायची. शेवटी जवसाचं तेल. त्यातून मोठ्या वाटीसारखे वाटे, करंडे, झाकणाच्या डब्या, सुरया निघायच्या. रंग जुन्या पितळेसारखा आणि वजन फुलासारखं. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून ते बसत. कुणी घेतलं तर घेतलं.

मी कलाशाळेत शिकून आलेला, साहजिकच मला त्यांना सुधारण्याची घाई. एकदा मी पट्टी-कंपास घेऊन गुलाबाचं सुंदर, चौफेर सारखं संकल्पचित्र काढून दिलं आणि म्हटलं, "नाना, वाट्याच्या काठाला हे काढा." त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. "हाई फूल मी कधी नीट दखं नही, मास्तर. मुंगी दखेल शे." आणि त्यांनी काठाभोवती मुंग्यांची रांग काढली. सगळ्या एका दिशेने चाललेल्या, फक्त एक उलट्या दिशेने. मी त्या एका मुंगीबद्दल विचारलं तर म्हणाले, "ती इसरेल व्हई काही." ती काहीतरी विसरली असेल!

त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे: "भोपयाले सांगानं नही, इचारी दखानं." आपण सांगायचं नाही, विचारून पाहायचं. भोपळा सडला, फुटला, वाकडा झाला तरी त्यांचा चेहरा उतरत नसे. फुटलेला तुकडा ते अर्धा तास हातात फिरवत बसत आणि म्हणत, "नही जमनं ते बी समजनं."

एकदा कापडाच्या दुकानवाल्या शेठाणी आल्या. लेकीच्या लग्नात द्यायला त्यांना सहा करंडे हवे होते, अगदी एकसारखे. नाना हसून म्हणाले, "एक येलना दोन भोपया सारखा नही ऱ्हातस, शेठाणी. दोन भाऊ बी नही ऱ्हातस." शेठाणी गेल्या तरी त्यांची नजर मांडवापलीकडच्या बाभळीच्या कुंपणावर होती.

कुंपणाच्या पलीकडे त्यांचे थोरले भाऊ राहत. धुडकूआबा. शेतकरी माणूस, गोठ्यात दोन बैल. एकाच वाड्याचे दोन भाग, मध्ये काटे, आणि अकरा वर्षं दोघांत शब्द नाही. कारण शेजारच्या लोकांकडून कळलं. त्यांची आई वारली तेव्हा नाना लेकीकडे शिरपूरला गेले होते. वैशाखाचे दिवस. निरोप पोचून नाना एस.टी.ने येईपर्यंत रात्र झाली, आणि तोवर नदीकाठी राखच उरली होती. "माझी वाट पाहिली नाही," एवढं एकच नाना तेव्हा बोलले म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी कुंपण घातलं.

आता त्या गाठीची गोष्ट. लांब मानेच्या जातीचा एक भोपळा असतो. कोवळा असताना त्याच्या मानेला गाठ मारायची, दोरीला मारतो तशी, आणि तो तसाच वाढू द्यायचा, ही नानांची इच्छा होती. तीन वर्षं त्यांनी प्रयत्न केला, तीनही वर्षं मान मोडली. चौथ्या वर्षी त्यांना युक्ती सापडली. भर दुपारी उन्हाने वेल मलूल होतो तेव्हा मान मऊ पडते, त्या वेळी रोज बोटभरच वाकवायची. पण त्या वर्षी मांडवावरची सगळी लांब फळं किडीने गेली. एकच उरलं, आणि ते कुंपण ओलांडून आबांच्या गोठ्याच्या छपरावरून खाली लोंबत होतं.

नाना दोन दिवस कुंपणाशी येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही जाशात का?"

मी गेलो. आबा बैलांना कडबा टाकत होते. नानांपेक्षा उंच, आवाज जाड. मी फळ दाखवलं आणि नानांचा बेत सांगितला.

"गाठ? भोपयाले गाठ?" त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "कडू भोपया. ना भाजीना, ना बाजारना. त्याले गाठ मारीसन काय व्हई?"

"ते बघायचंय," मी म्हटलं.

आबा छपराखाली आले. त्यांनी त्या कोवळ्या मानेखाली दोन बोटं धरली. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "तुम्ही हात नका लावू. तोडी टाकशात." आणि त्यांनी स्वतःच ती मान बोटभर वाकवून दाव्याच्या मऊ तुकड्याने छपराच्या वाशाला अडकवली.

मग रोज दुपारच्या सुट्टीत माझी हीच नोकरी. सायकल दामटत घरी यायचं. नाना कुंपणाच्या अलीकडे उकिडवे बसलेले, काट्यांतून काही दिसत नाही म्हणून कान लावलेला. मी मध्ये उभा.

"त्याले सांगा, आज फक्त अर्धं बोट."

मी पलीकडे सांगायचो. आबा म्हणायचे, "सांगा त्याले, तो जनमना नही व्हता तवयपासून मी बैल बांधी ऱ्हायनू."

मी हे अलीकडे सांगायचो नाही. पण नानांना ऐकू गेलेलंच असायचं.

दहाव्या की अकराव्या दिवशी शाळेत तपासणीसाहेब आले आणि मला दुपारी निघताच आलं नाही. फळ्याशी उभा होतो, पण चित्त सगळं छपराखाली. मान वळून आता फाशात शिरायची होती, सगळ्यांत नाजूक टप्पा. साडेतीनला सुटलो तसा धापा टाकत आलो आणि दारातच थांबलो. कुंपणाशी दोन आवाज होते.

"आबा, हयू! हयू!"

"मी हयूच करी ऱ्हायनू. तू गप बठ."

"टोक वरथून ले. वरथून!"

"वरथूनच ली ऱ्हायनू ना रे!"

आणि मग आबांचा आवाज, एकदम वेगळा, "बठनी. सुपडू, बठनी गाठ."

मी पाऊल न वाजवता माझ्या खोलीत गेलो. त्यानंतर मला दुपारी कुणी बोलावलं नाही.

पौषात देठ वाळला. एका सकाळी आबांनी तो भोपळा उपरण्यात गुंडाळला आणि कुंपणावरून न देता, सबंध गल्लीला वळसा घालून नानांच्या दाराशी आले. नाना पडवीत वाटा खरवडत होते. आबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. भोपळा पुढे केला नाही. आधी म्हणाले, "माय गयी त्या दिन चार वाजालोंग मी रस्ता दखा. मंग भाऊबंद थांबनात नही."

नानांनी हातातला काचेचा तुकडा खाली ठेवला. म्हणजे आबा चार वाजेपर्यंत थांबले होते. मला वाटलं, आता काय होतं कोण जाणे. नाना उठले, माठातून तांब्या भरला आणि आबांपुढे धरला. "बठ. पानी ले." आबा बसले. त्यांनी तांब्या रिकामा केला. मग दोघं मिळून उपरणं सोडू लागले.

गाठ अशी सुरेख बसली होती की गावभरचे लोक बघायला येत. जळगावच्या एका प्रदर्शनात ती ठेवावी म्हणून मी अर्ज लिहिला, तो मंजूरही झाला. निघायच्या आदल्या दिवशी मी घरी आलो तर पडवीत नाना बसलेले, पुढ्यात करवत, आणि गाठीचा भोपळा गाठीतूनच उभा चिरलेला. दोन तुकडे. तेवढ्यात आबा आले.

"अरे, काय करं रे तू हाई!"

नानांनी एक तुकडा उचलून त्यांच्यापुढे धरला. "आबा, बाहेरथून चार महिना दखं. मझारथून कशी वयनी ते दखानं व्हतं."

आबांनी रागाने तो तुकडा हिसकावून घेतला. तरी त्यांची मान खाली झुकलीच. आतले धागे वळणाबरोबर वळले होते, कुठे दाटले होते, कुठे विरळ झाले होते. "हाई तं दोन पदरना दोरसारखं शे," ते पुटपुटले, आणि खाली बसले. मीही बसलो. दोन तुकडे हातोहात फिरवत आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत ते बघत होतो. प्रदर्शन राहिलं ते राहिलंच. कलाशाळेत चार वर्षांत मी जे शिकलो नाही ते त्या दिवशी शिकलो. सुंदर वस्तू करून झाल्यावरही तिच्याबद्दलचं कुतूहल संपत नाही असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. तिथे, गाठीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, नाना काविळीने गेल्याचं पत्र आलं. मी तेराव्याला पोचलो. कुंपणाचे काटे कुणीतरी केव्हाच काढून टाकले होते. पडवीत नानांची सगळी भांडी मांडून आबा बसले होते, आणि येईल त्याला एकेक उचलून देत होते. शेठाणी करंडा घेऊन गेल्या, पोस्टमन डबी घेऊन गेला. माझ्या हाती त्यांनी मुंग्यांचा वाटा दिला.

दुपारपर्यंत पडवी रिकामी झाली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही स्वतःला काहीच ठेवलं नाही?"

आबांनी पोतं झटकलं आणि घडी घालून खांबाशी ठेवलं.

"माले त्यानं बोलनं पाहिजे व्हतं, मास्तर," ते म्हणाले. "ते तीन वरीस भेटनं."