मशीनने पातळ केलेला आवाज

रेडिओ केंद्राच्या तळघरात जुन्या तबकड्या संगणकात उतरवणाऱ्या बाईंना सगळे सुईवाल्या बाई म्हणत. प्लेअरची सुई कुणी बोटाने पुसलीच, तर बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. निवृत्तीला पाच महिने उरले होते, पण डोकं तापायला रोज नवं कारण मिळत होतं.

ताजं कारण होती 'सोल' या अमेरिकी ढंगाची गाणी गाणारी एक गायिका. चाळीस वर्षांपूर्वी तिची एकच तबकडी निघाली, चार गाण्यांची, आणि ती कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. निवड समितीने शेरा मारला होता, 'आवाज पातळ, चिरका. जतन करण्याजोगं काही नाही.' शुक्रवारी तबकडी भंगारात जाणार होती.

बाईंनी ती ऐकली आणि दुसऱ्याच ओळीला कान टवकारले. सोल म्हणजे पोटातून ओढून काढायचं गाणं. हिचं श्वास घेणं, शब्दावर रेंगाळणं, सगळं पोटातलंच होतं. आवाज तेवढा शाळकरी पोरीचा. शिवाय मागचा ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मधल्याच सुरात वाजत होता, आणि ऑर्गन काही असा मधेच वाजत नाही. टेपवरचं गाणं तबकडीवर कोरताना कुण्या दीडशहाण्याने टेप जास्त वेगाने फिरवली होती.

बाईंनी वेग थोडा थोडा कमी केला. ऑर्गन आपल्या पट्टीवर आला, आणि त्याबरोबर गायिकेचा आवाज खाली उतरला, भरला, रुंद झाला. बाईंना रडूच आलं. इतकी वर्षं हे असलं गाणं आपल्याच कपाटात धूळ खात पडलं होतं, याची त्यांना भयंकर चीड आली.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. साहेबांनी अर्धा मिनिट ऐकलं.

"बाई, नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं हे. गाता येईना, वेग वाकडा!"

"साहेब, इथे अंगण खरंच वाकडं आहे. ऑर्गन ऐका ना."

"मूळ ते मूळ. उद्या तुम्ही कुणाचाही आवाज सुधाराल."

बाईंनी चार वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "गायिका जिवंत आहे? मग लिहून आणा तिच्याकडून, हाच माझा आवाज म्हणून. शुक्रवारच्या आत."

तबकडीवर ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून गायिकेचा पत्ता मिळाला. गुरुवारी दुपारी बाई पोचल्या ते एका लाँड्रीत. सत्तरीची गायिका इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. गाण्याचं नाव काढताच तिने कॉलरवर इस्त्री जोरात दाबली.

"ते सोड. मला ते ऐकायचं नाही."

"मावशी, एकदाच. नाही आवडलं तर मी निघून जाईन."

बाईंनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. गाणं सुरू झालं तशी मावशीने इस्त्री उभी केली. मग शेजारच्या स्टुलावर बसली. चारही गाणी संपेपर्यंत ती हलली नाही.

"हे कुणी गायलंय?"

"तुम्हीच. तबकडी कोरताना टेप जास्त वेगाने फिरवली होती, म्हणून आवाज चिरका झाला. मी फक्त वेग जागेवर आणला."

बाईंनी कागद पुढे केला. मावशीने नीट वाचून, वळणदार अक्षरात सही केली. काम झालं होतं. साहेबांचं तोंड उद्या बघण्यासारखं होणार होतं. पण मावशीने कागद काही सोडला नाही.

"गाताना मला आतून असंच वाटायचं," ती म्हणाली. "मग तबकडी घरी आली. ऐकली, आणि लाजेने मेले. म्हटलं, एवढे दिवस आपल्याला भासच होत होता. बँडवाले बोलवायला यायचे, मी दार उघडायची नाही. पोरीला झोपवताना सुद्धा तोंडातून सूर काढला नाही मी."

त्या दीडशहाण्याला शोधून जाब विचारावा, असं बाईंच्या फार मनात आलं. पण तो कधीच वारला होता, हे ऑर्गनवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं.

मावशीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी चांगली गात होते?"

"फार चांगलं गात होता, मावशी."

"मग तेव्हा का नाही आलीस?"