ठिपक्याच्या किड्यांचं माहेर

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जायचं ते नव्या करडईचं तेल घेऊनच, असं सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. माझं माहेर सांगलीच्या पेठेत, हळदीच्या व्यापाऱ्याचं. सासर कृष्णाकाठच्या खेड्यात, शेतकरी जैनांचं. लढाईचे दिवस; बाजारात गोडं तेल मिळायची मारामार. शाळूच्या, म्हणजे हिवाळी ज्वारीच्या, कडेनं पेरलेल्या करडईवर घराचं वर्षाचं तेल आणि माझं माहेर, दोन्ही टांगलेलं होतं. मी रोज सकाळी जाऊन ती करडई बघून यायचे.

पौषात तिच्यावर मावा पडला, रस शोषणारी बारीक कीड. शेंडे चिकट झाले, मुंग्या चढल्या. पानांवर काळे, काटेरी, लांबुडके किडेही फिरत होते. सासूबाईंनी सगळा आळ त्यांच्यावर घेतला. दिसायलाच मेले चोर! पण आमच्या घरात जीव मारायचा नाही. मग त्यांनी कापसाच्या बोळ्यानं एकेक किडा अलगद उचलला, दुरडीत घातला आणि नदीच्या वाटेवरच्या रुईवर नेऊन सोडला. करडईच्या काट्यांनी हात ओरबाडून निघाले, पण एकाही किड्याचा पाय मोडू दिला नाही. चोरांची ही असली पाठवणी बघून मला हसू यायचं.

चोर गेले आणि मावा आणखीच माजला. शेजारच्या रानवाल्यानं मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सल्ला दिला, "तंबाखूचं पाणी मारा की. समदं साफ हुतंय." मामंजी धर्माचे पक्के, पण वर्षाचं तेल डोळ्यांदेखत जाताना बघून तेही डळमळले. घंगाळात तंबाखू भिजत पडली. मला वाटलं, मारा एकदाचं. पाप-पुण्य मागाहून बघू, मला घरी जायचंय.

दुसऱ्या दिवशी बस्तीतून, आमच्या देवळातून, येताना सासूबाई रुईपाशी थबकल्या आणि मला जवळ बोलावलं. रुईवर कायम असणारा पिवळा मावा जवळजवळ संपला होता. उरलासुरला मावा एक काळा किडा मन लावून खात होता. बाकीचे पानांना चिकटून गप्प झाले होते. त्यातल्या एकाची पाठ उकलली आणि आतून फिकट, मऊ किडा बाहेर आला. आधी बाहेर आलेले शेजारीच बसले होते, लालभडक, पाठीवर काळे ठिपके. हे ठिपक्याचे किडे आम्हाला ठाऊक होते. पोरं बोटावर चढवून उडवायची. त्यांचं बाळपण असं ओबडधोबड असतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, राखणदारांस्नीच हाकललं की मी!"

मग लगेच पदर खोचला. "पन जित्ते हायत न्हवं! चल, दुरडी आण."

मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, परत नेले तर ते मावा खाणार. त्याचं पाप?"

"त्यांचं घर मी मोडलं. ते परत द्यायचं, येवढं माझं काम. काय खायाचं ते त्यांचं ते बघतील."

घरी येऊन त्या मामंजींना म्हणाल्या, "आवं, ते पाणी मारू नगा. ह्येबी मरतील." मामंजींनी घंगाळ उकिरड्यावर ओतलं. पहाटेच्या गारठ्यात किडे सुस्त असायचे, तेव्हा आम्ही दोघी त्यांना पानांसकट आणून करडईच्या सावलीत ठेवायचो. थोडे सासूबाईंनी मुद्दाम रुईवरच राहू दिले. बांधाकडची करडई गेली ती गेलीच, पण हळूहळू बाकीचे शेंडे मोकळे झाले. चूक कळल्यावर इतक्या चटकन कामाला लागलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

करडई निघाली, घाण्यावर तेल पडलं. मामंजी बांध साफ करता करता कोयता घेऊन रुईकडे वळले, तशा सासूबाई आडव्या आल्या. "तिला हात लावायचा न्हाई. त्यांचं म्हायेर हाय ते."

मामंजी हसले आणि माघारी फिरले.

मी तेलाची बरणी मांडीवर घेऊन बैलगाडीतून सांगलीला निघाले, तेव्हा वाटेत ती रुई लागली. गाडी थांबवून मी उतरले. पानाखाली पिवळा मावा पुन्हा धरला होता आणि त्यात एक लाल किडा चरत होता. मी रुईला हात जोडले. खरं तर सासूबाईंना.