‘का’साठी दहा मिनिटं

पोस्टातून निवृत्त झाल्यावर माणसं आराम करतात. शुभदा केळुसकरांनी हाटकेश भागातल्या आपल्या सोसायटीत रविवारचा संस्कार वर्ग काढला आणि बारा वर्षं सतरंज्या झटकत राहिल्या. वर्गात श्लोक असायचे, कहाणी असायची आणि शेवटी दहा मिनिटं ‘का’ची. प्रत्येक मुलाने कहाणीला एक तरी प्रश्न विचारायचाच. बाईंचा खरा जीव त्या दहा मिनिटांत होता.

श्रावणात त्यांनी घोडबंदरकडची एक कहाणी सांगितली. म्हातारी रिकाम्या हाताने देवळात आली, म्हणून देवी कोपली आणि गावाची मिठागरं वाहून गेली. नऊ वर्षांच्या रसिकाने हात वर केला. "म्हातारीकडे काही नव्हतंच, मग देवी का रागावली?"

"तुला काय वाटतं?"

"देवी नसेल रागावली. सांगणाऱ्याचंच चुकलं असेल."

बाई इतक्या खूश झाल्या की घरी जाऊन त्यांनी एकटीसाठी शिरा केला.

ही कहाणी आपल्याला रसिकाच्याच आजीने, सरूबाईंनी, सांगितली होती, हे मात्र त्या साफ विसरल्या. नातीचं ते उत्तर कानावर गेलं आणि मंगळवारी सरूबाई उपाशीपोटी घोडबंदरहून रिक्षा करून आल्या. "चाळीस वर्सं मीच सांगते ती कहाणी. मी खोटी हाय काय?" त्यांचे डोळे भरले होते. बाईंनी खूप समजावलं, पण सरूबाई पाणीही न पिता गेल्या.

मग आला सेक्रेटरी पराग. हा गृहस्थ लिफ्टमध्येही मीटिंग घेतो. "काकू, क्वेश्चन-बिश्चन बंद करा ना. पालक कंप्लेंट करतायत. पाठांतर स्पर्धा येतेय, फक्त श्लोक घ्या. नाहीतर कमिटी हॉल योगावाल्यांना देतेय."

भांडायला हवं होतं. पण गुडघे ठणकत होते, बारा वर्षांत हेच भांडण तिसऱ्यांदा आलं होतं आणि बाई आता फार थकल्या होत्या. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी रसिकाचा हात वर गेला तेव्हा त्यांनी वहीतून मान वर काढली नाही. "प्रश्न नको, रसिका. पाठ कर." पुढचे पाच रविवार तेच.

रसिकाने स्पर्धेची ढाल आणली. परागने पेढे वाटले. सरूबाईंनीही रुसवा सोडून बाईंच्या हातावर पेढा ठेवला.

पुढच्या रविवारी पराग गावाला गेला होता. बाईंनी दार लोटलं आणि हळूच एक नवी कहाणी सांगितली. मग विचारलं, "राजाने असं का केलं असेल?" मग त्या रसिकाकडे वळल्या. "रसिका, तू सांग."

रसिकाने घाबरून वही चाळली. मग म्हणाली, "बाई, याचं उत्तर तुम्ही पाठ करायला दिलं नव्हतंत."